रानभाज्यांची माहिती साठवायला ब्लॉग बरा की विकी?

रानवेडी
कर्जत-मुरबाडकडे हिंडणाऱ्या आठदहा जणांचा आमचा गट आहे. भाजी ओळखायची कशी, कधी मिळते, निवडायची कशी, हे सगळं जमवतोय. सध्या ते व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, म्हणजे नसल्यात जमा. दर पावसाळ्यात कोणीतरी ओरडतंच, "शेवळं खाल्ली, घसा खाजतोय!" की या रानभाजीत काकडं (आंबट रानफळं) घालायची हे पुन्हा पहिल्यापासून सांगा. ब्लॉग काढावा की विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची, सुधारायची पानं)? तांत्रिक बाजू कळणारा गटात एकच आहे. खर्च कमीत कमी हवा.

खटपट्या
ब्लॉग. ब्लॉगर नाहीतर वर्डप्रेस, संध्याकाळपर्यंत चालू होईल. विकीचा उत्साह सगळ्यांना असतो, लिहिणारे शेवटी दोघंच उरतात.

सह्यवासी
दोघं उरतात हे खरं, पण ब्लॉगवर तरी वेगळं काय होतं? ब्लॉगवर नवं वर, जुनं खाली. यंदा टाकळ्यावर लिहिलं, पुढच्या वर्षी आणखी काही कळलं, की दुसरी पोस्ट. गूगल नेमकी जुनी दाखवतं आणि दुरुस्ती कुठेतरी प्रतिक्रियांत पडलेली असते. विकीत टाकळ्याचं पान एकच, तेच सुधारत जातं. विदर्भातला माणूस 'तरोटा' शोधणार. पुनर्निर्देशन टाकलं की तोही त्याच पानावर येतो.

मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या वाटेला मात्र जाऊ नका. विकिपीडिया त्यावर चालतो, पण डेटाबेस सांभाळा, अपडेट करा, एकट्याचा जीव जाईल. त्याऐवजी डोकूविकी हे सॉफ्टवेअर बघा. डेटाबेस नाही, पानं साध्या टेक्स्ट फायलींत असतात, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला. पीएचपी (ते ज्या भाषेत लिहिलंय ती) चालणारं साधं होस्टिंग पुरतं.

तिरकस
आणि रात्री कोणी येऊन "कच्चंच खा, काही होत नाही" लिहून गेला तर? खाण्याच्या बाबतीत उघडी विकी नकोच. ब्लॉगवर निदान लिहिणाऱ्याचं नाव असतं, जाब विचारता येतो.

सह्यवासी
उघडी ठेवा कुठे म्हटलं? वाचायला सगळ्यांना, संपादन फक्त तुम्ही खातं दिलेल्यांना. डोकूविकीत तशा परवानग्या लावता येतात. कोणी कधी काय बदललं तेही दिसतं आणि जुनी आवृत्ती परत आणता येते.

माऊ
मराठी विकिपीडियावरच का नाही टाकत? २००३ पासून आहे, होस्टिंगही फुकट.

सह्यवासी
वनस्पतीची माहिती जरूर टाका, पण प्रकाशित संदर्भ लागतो. "ठाकरवाडीतल्या आजी अशी करतात" हे स्वतः ऐकून लिहिलेलं तिथे टिकत नाही. फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, चढवता येतील. फक्त ते कोणीही वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा, हे फोटो काढणाऱ्यांना आधी सांगा.

रानवेडी
धन्यवाद! डोकूविकी करून बघतो. आजींच्या आठवणी पण त्यातच घालू का?

तिरकस
त्या ब्लॉगवर. आजीच्या बोलण्यात दहा जणांनी सुधारणा करायची नसते. विकीच्या पानावरून दुवा द्या.

खटपट्या
+१. आणि डोमेन, होस्टिंग एकाच्याच ईमेलवर ठेवू नका. पासवर्ड दोघांकडे तरी असू द्या, नूतनीकरणाची तारीख गटाच्या वर्णनात लिहून ठेवा.