'मिडटर्म'ला 'मध्यावधी' म्हणावं का? अमेरिकी निवडणुकीतले फसवे शब्द

विचारणा
अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२६ ला 'मिडटर्म' आहे. त्यावरच्या मराठी लेखासाठी हे प्रतिशब्द काढले आहेत: मिडटर्म = मध्यावधी निवडणूक, टिकेट = तिकीट, प्रायमरी = प्राथमिक निवडणूक, पॉप्युलर व्होट = लोकप्रिय मत, पॅक = राजकीय कृती समिती. 'जेरीमँडरिंग'ला (मतदारसंघांच्या सीमा पक्षाच्या सोयीने आखणं) मात्र काही सापडत नाही. बाकीचे चालतील ना?

प्रतिसाद १
जेरीमँडरिंगची काळजी सोडा, त्याला मराठीत तयार शब्द आहे. अडचण बाकीच्या पाचांची आहे.

'मध्यावधी' म्हटलं की मराठी वाचकाला सरकार पडलेलं दिसतं. १९९८ आणि १९९९ च्या लोकसभा निवडणुका मध्यावधी होत्या, कारण सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं होतं. अमेरिकेचं प्रतिनिधिगृह विसर्जित करताच येत नाही. त्याची मुदत मुळातच दोन वर्षांची. दर सम वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा मतदानाला येतात. यातली एक फेरी अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध पडते, ती मिडटर्म. मध्य अध्यक्षाच्या मुदतीचा, आणि अध्यक्ष तर मतपत्रिकेवर नसतोच. 'मध्यकालीन' लिहू नका, त्यात यादव-बहमनी आठवतात. 'मधल्या टप्प्यातली निवडणूक' किंवा सरळ 'मिडटर्म'.

प्रतिसाद २
थोडा मतभेद. वर्तमानपत्रांत 'मध्यावधी' रुळलाय आणि शोधणारा माणूस तोच शब्द टाकून शोधतो. मथळ्यात राहू द्या, पहिल्याच परिच्छेदात 'ठरलेल्या वेळीच होणारी' एवढी पुस्ती जोडा. मुदत संपण्याआधी रिकाम्या झालेल्या जागेसाठी तिकडे जी 'स्पेशल इलेक्शन' होते, तिला मात्र आपली 'पोटनिवडणूक' अगदी चपखल बसते. तिथे 'विशेष निवडणूक' करू नका.

प्रतिसाद ३
'तिकीट' मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण शब्द तोच आणि अर्थ वेगळा. आपल्याकडे तिकीट मिळतं, कापलं जातं, मग बंडखोरी होते. पक्षश्रेष्ठी एबी फॉर्म देतात तो हा व्यवहार. अमेरिकेत टिकेट म्हणजे एका पक्षाच्या उमेदवारांची एकत्रित यादी, आणि अध्यक्षपदापुरती बोलायची तर अध्यक्ष-उपाध्यक्षाची जोडी. 'स्प्लिट टिकेट'चं 'तिकीटवाटपात फूट' असं भाषांतर डोळ्यांखालून गेलंय! मतदाराने अध्यक्षपदाला एका पक्षाचा आणि सिनेटला दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या अर्थाचं तिकीट तिकडे प्रायमरीत ठरतं, आणि ते देतात मतदार. म्हणून 'प्राथमिक निवडणूक' कच्चं वाटतं, ऐकून पात्रता फेरी किंवा प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे येते. 'उमेदवारनिवड' किंवा 'पक्षांतर्गत उमेदवारनिवड' लिहा. पण 'पक्षांतर्गत' सरसकट नको. 'क्लोज्ड' प्रायमरीत त्या पक्षाच्या नावाने नोंद असलेलेच मतदार येतात, 'ओपन'मध्ये कोणीही येतो, आणि कॅलिफोर्नियात बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात; पहिले दोन पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. तसंच 'रजिस्टर्ड डेमोक्रॅट' म्हणजे पक्षाचा सदस्य नव्हे. पावती फाडलेली नसते. मतदारनोंदणीच्या अर्जावर पक्षाच्या चौकोनात खूण केलेली असते, इतकंच.

प्रतिसाद ४
'लोकप्रिय मत' साफ चूक. मत लोकप्रिय नसतं. 'जनमत'ही नको, त्यातून चाचणीचा वास येतो. 'देशभरातली एकूण मतं' म्हणा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ती सुमारे २९ लाखांनी जास्त होती, तरी निर्वाचकांची (अध्यक्ष निवडणाऱ्या, राज्यांतून येणाऱ्या प्रतिनिधींची) मतं ट्रम्प यांना ३०४ आणि त्यांना २२७ अशी पडली.

लेखात इलेक्टोरल कॉलेज येणारच असेल तर 'निर्वाचक मंडळ' वापरा, पण आपल्या राष्ट्रपती निवडणुकीचं चित्र पुसून. आपले निर्वाचक म्हणजे निवडून आलेले खासदार-आमदार. तिकडे काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) सदस्याला निर्वाचक होण्याची घटनेनेच मनाई आहे. एकूण ५३८ (प्रतिनिधिगृहाच्या जागांएवढे ४३५ + सिनेटच्या जागांएवढे १०० + राजधानी वॉशिंग्टनचे ३), बहुमत २७०. हे लोक एकत्र कधीच जमत नाहीत. डिसेंबरात आपापल्या राज्यात मत देतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात पुढे असलेल्याला तिथले सगळे निर्वाचक.

प्रतिसाद ५
'कृती समिती' म्हटलं की मोर्चा, घेराव, काम बंद. पॅक यातलं काही करत नाही, पैसे गोळा करून वाटतं. 'निवडणूक निधी समिती' जवळचं. उमेदवाराला थेट देणारं नेहमीचं पॅक दर निवडणुकीला ५,००० डॉलरपर्यंत देऊ शकतं. इथे 'दर निवडणुकीला' जपून वाचा: प्रायमरी वेगळी आणि अंतिम निवडणूक वेगळी धरतात, म्हणजे वर्षात १०,०००. आकडा अर्ध्यावर येण्याची चूक इथेच होते. सुपर पॅक (२०१० पासून) उमेदवाराला दमडी देत नाही, पण त्याच्याशी संगनमत न करता स्वतः हवा तेवढा खर्च करतं. म्हणून 'महासमिती' वगैरे नको, 'सुपर पॅक'च ठेवा.

प्रतिसाद १ (पुन्हा)
आता जेरीमँडरिंग. महापालिकेच्या बातम्यांत आपण 'सोयीची प्रभागरचना' म्हणतो ना, तेच. 'सोयीची मतदारसंघरचना' करा. मूळ शब्द मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्यावरून, १८१२ सालचा: त्यांच्या काळातला एक मतदारसंघ नकाशावर सॅलॅमँडरसारखा (पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी) दिसला. नावाचा उच्चार 'गेरी', शब्दाचा मात्र 'जेरी' झालाय.

त्यातले 'पॅकिंग' आणि 'क्रॅकिंग' आकड्यांनीच कळतात. ५० मतदार, १०-१० चे पाच मतदारसंघ. निळे ३०, लाल २०. रेघा लाल पक्षाच्या हातात. दोन मतदारसंघांत ९-९ निळे कोंबले, तिथे लालचा एकेक. उरले १२ निळे; ते बाकीच्या तिघांत ४-४ असे विखुरले, तिथे लाल ६-६. निकाल: लाल ३, निळे २. पहिलं कोंबणं, दुसरं फोडणं. मराठीत 'कोंबा आणि फोडा' चालेल.

'परिसीमन' मात्र इथे लावू नका. आपल्याकडे ते काम आयोग करतो. तिकडे दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर बहुतेक राज्यांत विधिमंडळच रेघा मारतं, आणि पक्षीय सोयीसाठी केलेल्या रचनेत संघीय न्यायालयं पडणार नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं.

प्रतिसाद २ (पुन्हा)
एक राहिलं. मतदानाआधीच्या बातमीत 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या' हे सवयीने लिहून जातं. तिथे आपल्यासारखा ४८ तास आधी जाहीर प्रचार बंद करण्याचा कायदा नाही. मतदानाच्या दिवशीही जाहिराती चालू असतात, फक्त केंद्रापासून राज्याने ठरवलेल्या अंतराच्या आत प्रचार करता येत नाही. ते वाक्य काढाच.