आयसीयूतला स्टाफ मोकळेपणी बोलतो का, हे मोजायचं कसं?

रात्रपाळी: मी आयसीयूत नर्सिंग इनचार्ज आहे. वरून सांगितलंय, स्टाफचं वेलबीइंग तपासा आणि रिपोर्ट द्या. सोबत फॉर्म आलाय: 'कामावर समाधानी आहात का?' वर नाव आणि एम्प्लॉयी नंबर. सगळ्या 'हो' लिहून मोकळ्या होणार. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, इन्फ्युजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा) रेट चुकीचा दिसला तरी ज्युनियर मुली सीनियरसमोर गप्प बसतात आणि नंतर मला एकटीला गाठून सांगतात. माझी खरी काळजी ती आहे. ती या फॉर्ममध्ये कुठे येणार? काय विचारू?

पडताळा: आधी नाव आणि नंबर काढून टाका, नाहीतर बाकी सगळी मेहनत वाया.

मग दोन गोष्टी वेगळ्या मोजा. मनाची अवस्था पाहायला जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ प्रश्नावली पुरते: गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज गुणिले ४. ५० किंवा त्याखाली आकडा आला तर पुढे चौकशी हवी. ते निदान नव्हे, हे मात्र रिपोर्टात लिहाच.

मुली गप्प का बसतात, ते यातून कळणार नाही. त्यासाठी हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांची १९९९ची सात विधानं वापरा; टीममध्ये न घाबरता बोलता येतं का, हे ती मोजतात. त्यात 'या टीममध्ये चूक झाली की ती माणसावर धरली जाते', 'इथे दुसऱ्याकडे मदत मागणं अवघड जातं' अशा आशयाची विधानं आहेत. या दोन्हींना 'हो' म्हणणं वाईट लक्षण, म्हणून त्यांचे गुण उलटे मोजायचे, हे विसरू नका. एडमंडसन यांना हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका अभ्यासताना दिसलं की चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. म्हणून तुमच्या इन्सिडेंट रजिस्टरची पानं कोरी असतील, तर मला तरी आधी धास्ती वाटेल.

निकाल पाळीनुसार काढा. एकच सरासरी काढलीत तर रात्रीचं दुखणं दिवसाच्या आकड्यात बुडेल.

जुनी स्टाफ: पाळीनुसार काढताना जपून. आमच्याकडे पाळी, वय, अनुभव सगळंच विचारलं होतं. आमच्या गटात मोजकी माणसं, त्यामुळे कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू आलं. शिवाय निकालाचं पुढे काय झालं, ते कुणीच सांगितलं नाही. पुढच्या सर्व्हेला सगळ्यांनी सरसकट मधल्या रकान्यात टिक केलं.

रात्रपाळी: पाळी तेवढी विचारते, वय-अनुभव नाही. पण निकाल वाईट आला, तर वरचे योगाचं सेशन लावून मोकळे होतील.

पडताळा: मग २०२१चं आयएसओ ४५००३ त्यांच्यासमोर ठेवा; कामाच्या जागी मानसिक आरोग्य कसं जपायचं, याची ती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. कामाचा बोजा, अपुरा स्टाफ, वरिष्ठांची वागणूक हे सगळं त्यात कामाच्या जागेचा धोका म्हणूनच धरलंय. ड्युटी रोस्टर न बदलता योगा लावला तर त्या धोक्याला हातही लागत नाही. आणि हँडओव्हरसाठी तर कुणाची परवानगीही नको. उद्यापासून पंपाचा रेट ज्युनियरने मोठ्याने वाचायचा, सीनियरने ऑर्डरशीटशी ताडून पाहायचा. तिने बोलायचंच, असा नियम झाला की धीर गोळा करत बसावं लागत नाही.