कॅमेऱ्यातले फोटो टॅबमध्ये ‘हलवायचे’, ‘टाकायचे’ की ‘उतरवून घ्यायचे’?

आत्यासाठी पानभर सूचना लिहायला बसलेय, डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो टॅबमध्ये कसे घ्यायचे ते, आणि पहिल्याच वाक्याला अडकलेय. ट्रान्स्फरला काय लिहू? मागच्या वेळी फोनवर सांगताना मी म्हटलं होतं, ‘आत्या, सगळे फोटो निवड आणि टॅबवर हलव’. तिने कार्ड रीडर लावला, फाइल मॅनेजरमध्ये ‘हलवा’ दिसलं तेच दाबलं, फोटो आले, दोघीही खूश. मग महिन्याभराने टॅबमधली जागा भरली तेव्हा तिने तिथले फोटो उडवले, कारण तिच्या समजुतीने मूळ फोटो कार्डात होतेच की! कार्ड उघडलं तर रिकामं. तिला ‘हलव’ म्हणजे नुसतं ‘तिकडे घे’ वाटलं होतं, आणि खरं तर मलाही बोलताना तेच म्हणायचं होतं. ह्यावेळी असा शब्द हवाय की ज्यातून मूळ फोटो जागेवर राहतो हे आपोआप कळेल.

*

शब्दाचं नंतर बघू, आधी ते कार्ड बाजूला काढून ठेवा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. कार्डावरून फाइल गेली म्हणजे बहुतेक वेळा फक्त तिची नोंद खोडलेली असते, आतला डेटा त्याच जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो. फाइल रिकव्हर करायचं सॉफ्टवेअर असतं त्याने कॉम्प्युटरवर कार्ड तपासून बघा, परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका. टॅबच्या आतल्या मेमरीतून उडालेले मिळणं फार अवघड, कार्डावर मात्र आशा आहे.

आता ‘हलवा’बद्दल. एकाच कार्डातल्या ह्या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये फाइल हलवली तर डेटा जागचा हलतही नाही, नुसती नोंद बदलते, म्हणून ते क्षणात होतं. पण कार्डातून टॅबमध्ये हलवणं म्हणजे आधी प्रत करणं आणि मग मूळ पुसणं, अशी दोन कामं आहेत, आणि ‘हलवा’ ह्या शब्दात ते पुसणं कुठेच दिसत नाही.

*

हस्तांतरण लिहू नका एवढीच विनंती. सरकारी वाटतो हे एक, आणि अर्थही चुकतो. घराचं हस्तांतरण झालं की ते आधीच्या मालकाकडे उरत नाही, म्हणजे तुमच्या आत्याबाईंचा गोंधळ पुन्हा तोच. स्थलांतर तर माणसांचं आणि पक्ष्यांचं.

*

मी ‘उतरवून घेणे’ सुचवीन. आणि तो शब्द नवा घडवायला नको, आपल्याकडे आहेच. फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो तेव्हा फळा कोरा होत नाही. जुन्या कागदाचा उतारा काढतो तेव्हा मूळ कागद दप्तरात तसाच राहतो, आणि ‘उतारा’ हा शब्द ‘उतरणे’ ह्यातूनच आलाय. परीक्षेत ‘खालील उतारा वाचा’ असं असतं तिथेही मूळ पुस्तक शाबूत असतं, त्यातलं थोडं इथे उतरवलेलं असतं इतकंच. म्हणजे एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं आणायचं आणि पहिलं जागेवर ठेवायचं, हा अर्थ ह्या शब्दात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, तो कॅमेऱ्याच्या कार्डाला लावायला काय हरकत आहे. माझ्या कानाला तरी ‘कार्डातले फोटो टॅबमध्ये उतरवून घे’ हे अजिबात जड वाटत नाही.

*

हरकत आहे ना. गाडीतून सामान उतरवलं की गाडी रिकामी होते. मग फोटो सामानासारखे की फळ्यावरच्या अक्षरांसारखे?

*

हे खरंय, मान्य. ‘सामान उतरवून घेतलं’ असंही आपण म्हणतोच, त्यामुळे नुसत्या ‘घेणे’ने फरक पडत नाही, कशाबद्दल बोलतोय त्यावर अर्थ ठरतो. वस्तू उतरवली की ती जागा सोडते, मजकूर किंवा चित्र उतरवलं की त्याची प्रत होते. फोटोची फाइल दुसऱ्या गटातली आहे असं मला वाटतं, पण ज्याला शंका येईल त्याच्यासाठी पुढे एक वाक्य जोडावं लागेल हे कबूल.

*

दिशेचाही विचार करा. टाकणे, घेणे आणि पाठवणे ही तीन क्रियापदं आपण सरमिसळ वापरतो आणि तिन्हीत करणारा वेगळा आहे. केबलने जोडल्यावर बरेचसे कॅमेरे पीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात (आयएसओ १५७४० हे त्याचं प्रमाण), त्यात विचारणारं यंत्र एक आणि उत्तर देणारं दुसरं असतं. इथे विचारणारा टॅब, तुझ्याकडे काय काय आहे ते सांग, अमुक फोटो दे, असं तो मागतो आणि कॅमेरा देतो. म्हणून केबलच्या बाबतीत ‘टॅबमध्ये घेणे’ हेच बरोबर. ओटीजी अडॅप्टर (टॅबला दुसरं यंत्र जोडायचा छोटा जोड) लागतो तोही त्यासाठीच, जुन्या मायक्रो यूएसबीच्या टॅबला त्या अडॅप्टरमधल्या जोडणीवरून कळतं की आता आपण यजमान, म्हणजे विचारणारं यंत्र, व्हायचंय.

वाय-फायवरून मात्र कॅमेऱ्यातून ‘पाठवा’ करता येतं, आणि तिथे एक काळजी घ्या, काही कॅमेऱ्यांची ॲप आपोआप पाठवताना फोटो लहान करून पाठवतात, २ मेगापिक्सेलचा वगैरे. ते टॅबवर छान दिसतात म्हणून लोक कार्ड पुसून टाकतात आणि मोठी प्रिंट काढायची वेळ आली की समजतं की मूळ फोटो कधी आलेच नव्हते! तेव्हा ह्याला ‘उतरवून घेणे’ म्हणू नका, उतरवलेलं मुळाबरहुकूम असायला हवं.

*

‘आयात’ कुणी काढलं नाही अजून. आयपॅडवर कार्ड लावलं की इम्पोर्ट असतं, मराठीत अशा ठिकाणी ‘आयात करा’ लिहिलेलं मी पाहिलंय. मालाचा शब्द आहे, नावडता, पण इम्पोर्ट म्हणजे नुसती कॉपी नाही हेही लक्षात घ्या. फोटोंचं ॲप कार्डात डीसीआयएम नावाचा फोल्डर शोधतं, १९९८ च्या आसपास कॅमेरा कंपन्यांनी मिळून फाइलींची मांडणी ठरवली तिथपासून हा फोल्डर जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असतो. त्यातले फोटो उचलून ते तारखेप्रमाणे आपल्या संग्रहात लावतं आणि शेवटी विचारतं की कार्डावरचे ठेवू की डिलीट करू. कॉम्प्युटरवरून कार्डात कुठेतरी बाहेर टाकलेला फोटो त्याला दिसत नाही तो ह्याच कारणाने. मी ह्याला ‘संग्रहात घेणे’ म्हणेन.

आणि काढणे हे क्रियापद सूचनांमध्ये चुकूनही नको. फोटो काढले म्हणजे कॅमेऱ्याने टिपले, कार्डातून काढले म्हणजे उडवले की बाहेर घेतले कोण जाणे, आणि प्रिंट काढल्या ते अजून तिसरंच. बोलताना चालून जातं कारण समोरचा विचारू शकतो, कागद वाचणारी आत्या कुणाला विचारणार.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड बाजूला ठेवायला लावलंय, सुदैवाने तिने नंतर त्यावर काहीच टिपलेलं नव्हतं, रविवारी जाऊन बघते काय मिळतंय. सूचना अशा लिहिल्यात:

‘कार्ड रीडरमध्ये घाल आणि रीडर टॅबला लाव. डीसीआयएम फोल्डर उघड. हवे ते फोटो निवड आणि कॉपी दाबून टॅबमध्ये उतरवून घे. मूळ फोटो कार्डातच राहतील. हलवा दाबू नकोस. उतरवलेले चार-पाच फोटो उघडून, मोठे करून बघ. कार्डावरचं काहीही मी सांगेपर्यंत पुसू नकोस.’

‘कॉपी’ मुद्दाम तसंच ठेवलंय कारण तिच्या टॅबच्या पडद्यावर तोच शब्द येतो, आणि ‘काढ’ कुठे राहिलं नाही ना ते दोनदा तपासलं.