मदत हवी आहे: सरकारच्या शंभर दिवसांबद्दल गावात लोकांचं खरं मत कसं विचारावं?

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या बारा मुलामुलींना घेऊन आसपासच्या पाच गावांत एक छोटं सर्वेक्षण करायला घेतलं. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंच्या महाविकास आघाडी (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) सरकारचा शपथविधी झाला, त्याला मार्च २०२० मध्ये शंभर दिवस झाले. या काळातल्या सरकारच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का, असा साधा प्रश्न ठेवला होता. शंभरावर फॉर्म भरून झालेत आणि आता ते वापरावेत की नाही हेच मला कळेनासं झालंय. आकडे इथे मुद्दाम देत नाही, कारण माझाच त्यांच्यावर विश्वास बसत नाहीये. ज्यांनी असं काम केलंय, किंवा जे गावात राहून लोकांचं बोलणं नीट ऐकतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पहिली अडचण वेळेची. दोन गावांत मुलं फेब्रुवारीच्या मध्यात जाऊन आली, उरलेल्या तीन गावांत महिना संपताना. मधे २४ फेब्रुवारीला शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या लाभार्थ्यांची पहिली यादी लागली. प्रत्येक जिल्ह्यातली दोनच गावं तिच्यात होती, त्यामुळे बाकी सगळी गावं श्वास रोखून बसली. मग दुसरी यादी आली. प्रश्न तोच, फॉर्म तोच, पण यादीच्या आधीचं गाव आणि यादीनंतरचं गाव ही दोन वेगळी राज्यं वाटावीत इतका उत्तरांत फरक!

एका काकांनी आधी मुलांना सांगितलं होतं, "नुसत्या घोषणा. २०१७ च्या कर्जमाफीतही असंच झालं. ऑनलाइन अर्ज भरले, हेलपाटे मारले, हातात काही नाही." मुलीने 'अजिबात समाधानी नाही'वर खूण केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तेच काका मला सेवा केंद्रात भेटले. यादीत नाव आलं होतं, विशिष्ट क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आणला होता, आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. आधारची ओळख पटवायला यंत्रावर अंगठा काही लागेना. कापूस वेचून, विळा धरून रेषाच झिजलेल्या. केंद्रातल्या मुलाने ओल्या फडक्याने बोट पुसलं, काकांनी ते केसांवर घासलं, परत ठेवलं. चौथ्या वेळी लागलं. पडद्यावर कर्जाची रक्कम आली. मुलाने ती वाचून दाखवली आणि बरोबर आहे का विचारलं. काका म्हणाले, परत वाच. त्याने परत वाचली. पावती घडी करून खिशात ठेवता ठेवता ते माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या दिवशी पोरीने माझं जे लिहून नेलं, ते खोडता येतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे शिकवताना मी सांगते की मत त्या त्या दिवसाचं असतं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं सांगायचं?

दुसरी गोष्ट माझ्या घरातलीच. माझे वडील दर मार्चला सोसायटीत नवं-जुनं करतात. इकडून तिकडून उसने घेऊन कर्ज भरायचं आणि आठवड्याभरात नवीन उचलायचं. कागदावर ते नियमित कर्जदार. ही कर्जमुक्ती योजना ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेल्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी होती, म्हणजे आम्ही बाहेर. २१ डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात घोषणा झाली तेव्हा बाबा टीव्हीसमोरून उठून गेले. "भरलं हा गुन्हा झाला का?" एवढंच म्हणाले. मग ६ मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालंय, दोन लाखांच्या वरच्यांनाही वरची रक्कम भरली तर लाभ मिळेल असं म्हटलंय. बाबांचं मत बदललं का? "खात्यात आले की सांगतो." माझ्या फॉर्ममध्ये या उत्तराला रकानाच नाही, आणि मला वाटतं गावातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच आहे.

तिसरी अडचण, 'सरकार' म्हणजे कोण? २०१९ च्या परतीच्या पावसाने सोयाबीन काळं पडलं. राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पैसे हातात पडेपर्यंत नवं सरकार आलेलं. एका मावशीने आठ हजारांसाठी उद्धवसाहेबांना दुवा दिला. शेजारच्याच घरात तेच आठ हजार रागाचं कारण, कारण सत्तेत येण्याआधी हेक्टरी पंचवीस हजारांची मागणी त्यांनीच केली होती. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दोन हजारही कुणी केंद्राच्या खात्यावर मांडतं, कुणी राज्याच्या. मुलांनी अशा वेळी दुरुस्त करायचं की जसं बोललं तसं लिहायचं?

आणि सगळ्यात नाजूक भाग. बरेच जण कामाबद्दल बोलतच नाहीत. ते अजून ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीतच आहेत. युती म्हणून मत दिलं, भाजपच्या १०५ आणि सेनेच्या ५६ जागा आल्या, मग हे सरकार आलंच कसं? ज्यांनी राष्ट्रवादी किंवा काँग्रेसला दिलं, ते म्हणतात, आमचं सरकार आलं, आता थोडा वेळ द्या. हा राग किंवा ही माया कामाच्या मतात मिसळते. ती वेगळी कशी काढायची? मत कुणाला दिलं हे मुलांना विचारायला लावणं मला पटत नाही. गाव छोटं आहे, फॉर्म हाती धरणारी मुलगी कुणाची पुतणी असते.

पारावर विचारलं की पहिला माणूस जे बोलतो तेच पुढचे सात जण बोलतात. घरात बायकांना वेगळं विचारलं तेव्हा कुठे तपशील निघाला. सरकारच्या स्वस्त जेवणाच्या शिवभोजन योजनेवर पारावरच्या सगळ्यांनी मत दिलं, पण थाळी जेवलेलं तिथे कुणीच नव्हतं. जेवलेली एकच भेटली. सासूला जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ती चार दिवस तिथेच जेवली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दहा रुपये. "दोनच्या आत जावं लागतं, नाहीतर बंद. पण घरून डबा आणायला कुणी नव्हतं हो." या एका वाक्याचं वजन मी किती धरू?

तर मला विचारायचंय ते असं. यादीच्या आधीचे आणि नंतरचे फॉर्म एकत्र मोजावेत का? 'समाधानी आहात का' याऐवजी काय विचारावं? आणि बायकांची उत्तरं वेगळी घेण्यासाठी मुलींनाच पाठवलं तर पुरेल का?

थोडी भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एकांनी सुचवलंय की आधी मत विचारूच नका, "गेल्या तीन महिन्यांत सरकारी कामासाठी कुठे कुठे गेलात, काय झालं" इथून सुरुवात करा. काल दोन घरांत करून पाहिलं. एक जण २९ फेब्रुवारीला तहसीलला गेला होता, सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा त्याच दिवशी सुरू झालेला, दार बंद. त्याने येण्याजाण्याचं भाडंसुद्धा सांगितलं. अशी उत्तरं मला कळतात, मुलांनाही लिहिता येतात. पुन्हा गावांत जाताना हाच प्रश्न आधी ठेवणार आहे. कुणाला दिलं हे न विचारता "हे सरकार ज्या पद्धतीने आलं ते पटलं का" असा वेगळा प्रश्न ठेवण्याची सूचनाही घेतेय.

त्या काकांचा फॉर्म मात्र खोडला नाही. पहिली खूण तशीच ठेवून खाली नवी तारीख टाकली आणि दुसरं उत्तर वेगळ्या शाईने लिहिलं, त्यांना वाचूनही दाखवलं. असं केलेलं चालतं का, एवढं जाणकारांनी नक्की सांगा.