मदत हवी आहे : ‘इंडियन न्यूज परेड’च्या आठवणी

नमस्कार मंडळी. १९४३ साली इंग्रज सरकारने मुंबईतून ‘इंडियन न्यूज परेड’ ही थिएटरात दाखवायच्या बातम्यांच्या छोट्या फिल्मची मालिका सुरू केली. भारत संरक्षण नियमांखाली थिएटरवाल्यांना प्रत्येक खेळात सरकारमान्य फिल्म दाखवणं सक्तीचं होतं. आजोबा सांगायचे, पडद्यावर रणगाडे आणि हसरे जवान दिसू लागले की मागच्या बाकांवरची माणसं विडी ओढायला बाहेर पडायची.

त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. माझा प्रश्न हाच आहे : त्या रिळांत दुष्काळ कधी दिसला का? दिसला, तर निवेदक काय बोलला? हे मला मनापासून शोधायचंय. कुणाच्या घरी जुने ऑपरेटर, डोअरकीपर असतील तर त्यांना जरूर विचारा. रिळं कुठे पाहायला मिळतील, तेही कळवा.