एका सर्व्हरवर किती व्हीएम बसतील, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीत असून तासगाव, विटा, जत येथील शाखा याच कार्यालयातील सर्व्हरवर काम करतात. सध्या डेटाबेस, बँकिंग ॲप्लिकेशन, दोन डोमेन कंट्रोलर (कर्मचाऱ्यांचे लॉगिन व परवानग्या तपासणारे सर्व्हर), फाइल सर्व्हर, पगारपत्रक आणि बॅकअप ही कामे सात जुन्या यंत्रांवर चालतात. ती सर्व एका नव्या सर्व्हरवर आणायची आहेत, शिवाय चाचणीसाठी दोन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालणारे आभासी संगणक) हव्या आहेत. पुरवठादाराच्या दरपत्रकात १६ कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) दोन प्रोसेसर, २५६ जीबी मेमरी आणि १.९२ टीबीच्या सहा एसएसडी आहेत, आणि खाली ‘यावर ४० व्हीएम आरामात चालतील’ अशी एक ओळ आहे. संचालक मंडळापुढे टिपणी ठेवण्यापूर्वी हा आकडा तपासायचा कसा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अजिंक्यतारा, सातारा

पुरवठादाराचा आकडा हवेतला नाही, पण तो एकाच बाजूने मोजलेला दिसतो. कोअर ३२, प्रत्येक कोअरमागे पाच आभासी सीपीयू (व्हीएमला दिसणारे प्रोसेसर) धरले की १६०, आणि प्रत्येक व्हीएमला चार दिले की बरोबर ४० उरतात. सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी कोअरमागे तीन ते पाच हे प्रमाण बरेच जण धरतात, त्यामुळे एवढ्यापुरते गणित मान्य करता येईल. मात्र २५६ जीबीला ४० ने भागले तर एका व्हीएमच्या वाट्याला जेमतेम ६.४ जीबी येतात, आणि त्यातून हायपरव्हायझरचा (व्हीएम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) वाटा अजून वजा व्हायचाच असतो. आपला डेटाबेस एवढ्यात चालणार नाही.

एक व्हीएम स्वस्थ असताना तोच कोअर दुसरीला वापरता येतो, म्हणून सीपीयू एकापेक्षा अधिक जणींना कबूल करता येतो; मेमरी मात्र जिला दिली तिच्याकडेच जवळजवळ अडकून पडते. तिची वाटणी लवचिक करण्याच्या सोयी हायपरव्हायझरमध्ये आहेत, परंतु आर्थिक व्यवहारांच्या डेटाबेसखाली त्यांच्यावर विसंबणे मला पटत नाही. म्हणून मोजणी मेमरीपासून सुरू करावी. २५६ पैकी १६ जीबी हायपरव्हायझरसाठी बाजूला काढा, उरलेल्या २४० मधील पाचवा हिस्सा वाढीसाठी राखून ठेवा, म्हणजे वाटायला १९२ जीबी राहतात. डेटाबेसला ६४, ॲप्लिकेशनला ३२, दोन्ही डोमेन कंट्रोलरना प्रत्येकी ८, आणि फाइल सर्व्हर, पगारपत्रक, बॅकअप व चाचणीच्या दोन अशा पाच व्हीएमना प्रत्येकी १६ दिले की हे १९२ संपतात. व्हीएम झाल्या नऊ.

हे वाटप अर्थातच माझ्या अंदाजाचे आहे. खरे आकडे आपल्या जुन्या यंत्रांवर परफॉर्मन्स मॉनिटर लावून मिळतील, आणि ते महिनाअखेर धरून घ्यावेत, कारण रात्रभर रिकाम्या बसलेल्या यंत्राची सरासरी दिसायला नेहमीच सुखद असते. आपल्याला हवा आहे तो व्याज आकारणीच्या संध्याकाळचा भार, आणि शक्य असेल तर ३१ मार्चचा. डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागेल. त्याला मर्यादा घालून दिली नसेल तर तो मिळेल तेवढी मेमरी धरून बसतो, त्यामुळे ‘वापरात’ दिसणारी मेमरी म्हणजे गरज असे समजू नये.

उत्तर : कुपवाडकर

वरील मोजणीत डिस्क राहिल्या. सहा एसएसडी रेड ५ मध्ये (रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) लावल्या तर ९.६ टीबी जागा मिळते, रेड १० मध्ये ५.७६. जागेच्या मोहाने लोक पहिला पर्याय घेतात, पण रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी डिस्कवर चार क्रिया होतात आणि रेड १० मध्ये दोनच. व्यवहार नोंदवणाऱ्या डेटाबेससाठी मी रेड १० च सुचवेन.

दुसरे म्हणजे, वीज गेली, यूपीएस उतरला आणि पुन्हा वीज आली की सर्व व्हीएम एकदम उठतात आणि डिस्कवर तुटून पडतात. हायपरव्हायझरमध्ये सुरू होण्याचा क्रम आणि मधला अवकाश लावून द्या : आधी डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन, बाकीचे सावकाश. बॅकअपची व्हीएम याच सर्व्हरवर असली तरी बॅकअपच्या प्रती येथे ठेवू नका, आणि त्यांतील एक तरी सांगलीबाहेर हवी. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागू नये.

उत्तर : मिरज जंक्शन

दोन्ही डोमेन कंट्रोलर एकाच सर्व्हरवर ठेवल्यास दुसऱ्याचा उपयोग काय? एक जुन्या यंत्रांपैकी बऱ्या स्थितीतील यंत्रावर राहू द्या. पुढे दुसरा सर्व्हर घेतलात, तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याने सगळ्या व्हीएम पेलल्या पाहिजेत, म्हणजे दोन सर्व्हर घेतल्याने संख्या दुप्पट होत नाही.

परवान्याचा खर्चही आताच मांडा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोअर एकदा परवान्याखाली आणले की दोन व्हीएमचा हक्क मिळतो. सर्व नऊ विंडोजच्या असतील तर ३२ कोअर पाच वेळा, म्हणजे १६० कोअरचे परवाने लागतील.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे आभार. अजिंक्यतारा यांच्या वाटपानुसार मी डेटाबेसला १२ आणि ॲप्लिकेशनला ८ आभासी सीपीयू धरून बाकीच्यांसह बेरीज केली, ती ४४ आली. ३२ कोअरला हे प्रमाण दीडपटही होत नाही. मग एवढे कोअर विकत घ्यावेत का?

उत्तर : अजिंक्यतारा, सातारा

माझ्या मते घेऊ नयेत. ८ कोअरचे, पण अधिक गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर मागवून पाहा. १६ कोअरवर ४४ म्हणजे पावणेतीन पट, जे सर्वसाधारण मर्यादेत बसते. तरीही डेटाबेस असल्याने मोजणीत परवानगी मिळाली तर त्याचे १२ वरून ८ करावेत. तसे केल्यास तो एकाच प्रोसेसरच्या कोअरमध्ये आणि त्याच्याच बाजूच्या मेमरीत मावतो, पलीकडच्या प्रोसेसरकडील मेमरीसाठी ये-जा करावी लागत नाही. एकूण बेरीज ४० होऊन प्रमाण अडीचवर येईल.

मिरज जंक्शन यांनी मांडलेला परवान्याचा हिशेबही त्यामुळे निम्म्यावर येतो. विंडोज सर्व्हरसाठी प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे परवाने घ्यावेच लागतात, आणि आपण नेमके त्या किमान रेषेवर असाल. १६० च्या जागी ८०. वाचलेल्या पैशातून मेमरी वाढवून घ्या. एक व्हीएम डोमेन कंट्रोलरची म्हणून बाहेर राहिली, तर तिचे ८ जीबी आधी डेटाबेसला द्यावेत. दरपत्रक सुधारून घेताना सध्याची मेमरी किती पट्ट्यांची आहे आणि किती स्लॉट मोकळे राहतात, हे पुरवठादाराकडून लेखी मागा.