सूचिपर्णींचे ऋतू आणि इंदूरचा थुनेर

'सूचिपर्णी झाडं बारा महिने सारखीच दिसतात' हे मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण मला ते अजिबात पटत नाही. गढवालातला थुनेर, म्हणजे हिमालयातला यू वृक्ष, घ्या. वसंतात नर झाडाची फांदी हलवली की पिवळे पराग उडतात, आणि शरदात मादी झाडावर लालभडक मांसल फळं धरतात. तो लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी, आतली बीसुद्धा! याच्याच अमेरिकी भावंडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध मिळालं. १९९२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्यापायी आपले थुनेरही ओरबाडले गेले, याचं फार वाईट वाटतं.

चीड, म्हणजे हिमालयातला पाइन, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुया (सुईसारखी पानं) गाळतो, लार्च हा आणखी एक सूचिपर्णी तर हिवाळ्यात चक्क निष्पर्ण होतो.

इंदूरला अंगणात थुनेर लावू का, असं एका ताईंनी विचारलंय. नका लावू. त्याला थंड, ओलसर सावली लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचतं. त्यापेक्षा मोरपंखी लावा, तीही सूचिपर्णीच. तिचे निळसर हिरवे शंकू वाळून तपकिरी होतात आणि उकलतात, ते मुलांना जरूर दाखवा.